पावशेर साहेबांचे सात

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मास्तर शहाणा होता, तरी चढला, आणि चढला तोही स्वतःच्याच फौजेविरुद्ध. तीस वर्षं ज्यांच्या हुकमापुढे ऊन-पाऊस पाहिला नाही, त्यांच्याविरुद्धच्या अर्जावर सही करण्याआधी त्याने पेनाचं टोपण काढून परत लावलं. पण वकीलबाईंनी जिथे बोट ठेवलं तिथे त्याने सही केली.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हे. लेफ्टनंट कर्नल. कुठलीही गोष्ट दोनदा समजावून सांगायची खोड, म्हणून पलटणीने तरुणपणीच हे नाव ठेवलं आणि ते जन्माचं चिकटलं. बायकोसुद्धा रागावली की मास्तर म्हणायची. या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. बाविसाव्या वर्षी तो ज्या पलटणीत आला, तिची कमांड निवृत्तीआधी एकदा आपल्याकडे यावी. त्यासाठी कर्नल व्हावं लागतं. कर्नल होण्यासाठी निवड मंडळापुढे तीन वेळा नाव जातं, आणि मास्तरचं तिन्ही वेळा जाऊन परत आलं होतं. तिन्ही पत्रं एकेका ओळीची. विचार झाला, निवड झाली नाही. का झाली नाही, ते लिहायची पद्धत नाही.

सध्या पलटणीवर जो कर्नल होता, त्याला मास्तरनेच नकाशा वाचायला शिकवला होता. रोज सकाळी मास्तर त्याला सलाम करायचा. तो पोरगा गुणी, सलाम घेताना नजर खाली घालायचा. त्याने ताठ मानेने घेतला असता तर मास्तरला इतकं लागलं नसतं.

निवृत्तीला दहा महिने उरले, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, एकदा विचारा तरी त्यांना, माझं काय चुकलं म्हणून. तुम्ही विचारत नाही, ते सांगत नाहीत, आणि ऐकायचं मी. रोज."

वकीलबाईंचं ऑफिस एका शिंप्याच्या दुकानावर होतं. खालून मशीनची खडखड चालू असायची आणि बाई त्या खडखडीच्या वरच्या पट्टीत बोलायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "कोर्ट तुम्हाला कर्नल करणार नाही, हे डोक्यात पक्कं करा. तुम्ही लायक आहात की नाही, ते कोर्ट बघतच नाही. मंडळ वाकड्या वाटेने गेलं का, एवढंच बघतं. काही लपवलं, नियम मोडला, कुणी डोकं न लावता लिहिलं, असं दिसलं तर म्हणेल, परत बसा आणि नीट विचार करा. बस."

"म्हणजे पेपर तपासायचा नाही, परीक्षा नीट झाली का ते बघायचं."

"अगदी. आता हेच मला परत एकदा सांगू नका," बाई म्हणाल्या. नाव त्यांच्यापर्यंत पोचलं होतं.

कोर्टात त्यांचा नंबर एकोणचाळिसावा होता. दारावर चिकटवलेल्या यादीत बायकोने तो तीनदा पाहिला. सरकारी वकिलाने आधीच हरकत घेतली, की अधिकाऱ्यांचे अहवाल गोपनीय असतात. दोन न्यायमूर्तींपैकी थोरले म्हणाले, "असू देत. आमच्यापासून नको." मग चार लाखेचे ठप्पे मारलेलं जाड पाकीट टेबलावर आलं. ठप्पे फोडताना लाखेचे तुकडे कागदांवर सांडले, ते न्यायमूर्तींनी हातानेच बाजूला केले. दोघांनी डोकी जवळ आणून पानं उलटली. एका पानावर ते थांबले. थोरल्यांनी चष्म्यावरून मास्तरकडे एकदा पाहिलं आणि वकीलबाईंना म्हणाले, "तुम्ही आत जाऊन वाचा. अर्धा तास. नक्कल करायची नाही."

तो अर्धा तास मास्तर बाहेरच्या बाकावर बसला. कुणी घात केला असेल याचा हिशोब त्याने फार पूर्वीच करून ठेवला होता. एक ब्रिगेडियर होता, ज्याच्याशी रसदीच्या गाड्यांवरून त्याचं वाजलं होतं. गेली कित्येक वर्षं दाढी करताना मास्तर आरशात त्या ब्रिगेडियरला मनातल्या मनात सुनवायचा. आज ते नाव कागदावर निघणार, म्हणून त्याला जवळजवळ बरं वाटत होतं.

वकीलबाई बाहेर आल्या त्या हळू चालत. "बाकी सगळ्या अहवालांत आठ, नऊ, नऊ, आठ. नवापैकी. गुणांची एकोणीस घरं असतात, आणि एकाच अहवालात एकोणीसही घरांत सात."

"कुणाचा?"

बाईंनी नाव सांगितलं. मास्तर म्हणाला, "तुमची वाचण्यात चूक झाली."

बाईंची चूक झाली नव्हती. अहवाल पावशेर साहेबांचा होता.

पावशेर साहेब दारूच्या थेंबालाही शिवले नव्हते. नाव पडलं ते त्यांच्या कौतुकाच्या मापावरून. शेरभर काम केलं की त्यांच्याकडून पावशेर शाबासकी मिळायची, आणि ती मिळाली की पलटणीतला माणूस आठवडाभर छाती काढून चालायचा. एकदा कवायतीला चार मिनिटं उशीर झाला, तर त्यांनी उशिरा येणाऱ्यांच्या वहीत स्वतःचं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं. मास्तर मेजर असताना ते पलटणीचे कर्नल होते. मास्तरचे वडील गेल्याची तार आली, तेव्हा साहेबांनी स्वतः गाडी चालवत त्याला साडेतीनशे किलोमीटर घरी नेलं, आणि सगळं उरकेपर्यंत बाहेरच्या पायरीवर बसून राहिले. मास्तरने जे काही चांगलं केलं, ते 'साहेबांनी असं केलं असतं' म्हणून केलं होतं.

अहवालातले आकडे ज्याचे त्याला दाखवत नाहीत. फक्त खालचा मजकूर वाचून दाखवतात. साहेबांनी वाचलेलं वाक्य मास्तरला चौदा वर्षं पाठ होतं. 'या अधिकाऱ्याच्या हाती मी डोळे झाकून पलटण देईन.' मंडळात पास न झालेल्या तिन्ही खेपांना मास्तरने त्याच एका वाक्यावर दिवस काढले होते.

मंडळाची पद्धत वकीलबाईंनी समजावली. ओळखीपाळखीने कुणाचं भलंबुरं होऊ नये म्हणून सगळी नावं झाकतात. उमेदवाराचं नाव झाकतात, अहवाल लिहिणाऱ्याचंही झाकतात. उरतात ते आकडे. पाच माणसं, एका नावाला चार मिनिटं. हल्ली सगळेच सगळ्यांना नऊ देतात, कारण बाकीचे देतात. अशा नवांच्या रांगेत एकोणीस सात म्हणजे घासात खडा. खडा कुणी टाकला, हे कुणाला दिसत नाही. न्याय व्हावा म्हणूनच तर झाकलेलं असतं.

"आता दोन वाटा आहेत," वकीलबाई म्हणाल्या. "या साहेबांचा हातच आखडता होता असं तुम्ही म्हणता. मग त्यांच्याकडूनच लिहून आणा, की माझे सात म्हणजे किती. ते घेऊन मी कोर्टाला म्हणेन, मंडळाला हे माहीतच नव्हतं, परत विचार करायला सांगा. ही वाट चांगली. दुसरी म्हणजे अहवालच उडवायचा. खाली लिहिलंय डोळे झाकून पलटण देईन, आणि वर सात. मेळ बसत नाही. सबब, डोकं न लावता लिहिलाय."

"ते लिहून देणार नाहीत," मास्तर म्हणाला. "घातलेला आकडा त्यांनी जन्मात बदलला नाही."

"बदला कुठे म्हणतेय? अर्थ सांगा म्हणतेय."

"त्यांना दोन्ही एकच वाटतं. मी ओळखतो त्यांना."

घरी आल्यावर बायकोने हेच लावून धरलं. "जाऊन विचारा तरी. नाही म्हणाले तर चहा पिऊन परत या. तुमचं काय जातंय?"

मास्तर वर्तमानपत्र उघडून बसला. काय जातंय, ते त्याला चांगलं ठाऊक होतं आणि तोंडाने म्हणवत नव्हतं. त्याला भीती वाटत होती. साहेब म्हणाले, अरे, सात म्हणजे सातच, तू होतासच तेवढा, तर? ब्रिगेडियरने सात दिले असते तर मास्तरने ते थुंकून टाकले असते. साहेबांनी मोजून दिलेले सात खरेच असणार. पन्नाशी उलटलेला, दोन लढाया पाहिलेला माणूस, पण एका म्हाताऱ्याच्या दारात जाऊन 'मी किती होतो' हे विचारायची त्याची छाती झाली नाही. म्हणून त्याने दुसरी वाट धरली.

प्रतिज्ञापत्राच्या नवव्या परिच्छेदात वाक्य होतं, 'सदर अहवाल संबंधित अधिकाऱ्याने कोणताही विचार न करता, यांत्रिकपणे भरला आहे.' आपलेच दात, आपलेच ओठ. मास्तरने ते वाक्य दोनदा वाचलं आणि सही केली.

"ही कागदी भाषा असते," तो बायकोला म्हणाला. "कोर्टात असंच लिहावं लागतं."

"ते त्यांना माहीत आहे का?" बायकोने विचारलं. मास्तरने आपली प्रत घडी घालून पाकिटात ठेवली, आणि तिनेही पुढे ताणलं नाही.

सरकारी बाजू गप्प बसणार नव्हतीच. दोन अधिकारी ते प्रतिज्ञापत्र घेऊन साहेबांच्या घरी गेले. पुढच्या तारखेला सरकारी वकिलाने एक हाताने लिहिलेलं पान कोर्टापुढे ठेवलं. मास्तरने लांबूनच अक्षर ओळखलं. त्या अक्षरात त्याने आयुष्यभर हुकूम वाचले होते. लिहिलं होतं, 'हा अहवाल मी लिहिला. एकोणीस घरं भरायला मला चार दिवस लागले. प्रत्येक आकडा मी विचार करून घातला. मी विचार न करता लिहिलं असं म्हणणारा कागद मला दाखवण्यात आला. ते खरं नाही.' खाली सही, हुद्दा, तारीख.

वकीलबाई तासभर बोलल्या. मग सरकारी वकील उभा राहिला. बाबा सालस होता, आवाजही चढवला नाही. म्हणाला, लिहिणारा अधिकारी स्वतः सांगतोय की विचार करून लिहिलं. त्याचा आकस नव्हता, हे अर्जदारही मान्य करतात. कडक माणूस म्हणजे चुकीचा माणूस नव्हे. प्रामाणिकपणे घातलेला आकडा बरोबर की चूक, हे कोर्टाने ठरवायचं झालं तर उद्या पलटणी कोर्टच चालवेल. थोरल्या न्यायमूर्तींनी दोनदा मान हलवली, आणि मास्तरला त्या मानेवरूनच निकाल कळला.

निकालपत्र सहा पानांचं. सहाव्या पानावर लिहिलं होतं, की अर्जदाराबद्दल कोर्टाला सहानुभूती आहे, परंतु प्रामाणिक मूल्यमापनात कोर्ट हात घालू शकत नाही. लिहिणाऱ्याच्या मोजमापाबद्दल काही खुलासा पुढे आला असता तर गोष्ट वेगळी होती. तसा खुलासा कुणी मागितल्याचं दिसत नाही. अर्ज फेटाळला.

ते खुलाशाचं वाक्य बायकोने वाचलं. ती 'मी सांगत होते' म्हणाली असती तर मास्तरला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "आता तरी जाऊन या."

मग तो गेला. निवृत्तीला अकरा दिवस होते. साहेब तिसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, गुडघे गेलेले, जिना उतरणं आठवड्यातून एकदाच. दार उघडायला त्यांना बराच वेळ लागला. आतून काठीचा आवाज येत राहिला आणि मास्तर बाहेर सावधानमध्ये उभा राहिला, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

"ये," साहेब म्हणाले. "किती राहिले?"

"अकरा दिवस, सर."

खोलीत एक पलंग, एक टेबल, दोन खुर्च्या. टेबलावर निकालाची सहा पानं होती, टाचणी लावलेली. साहेबांनी मागवून घेतली होती.

"सर, त्या प्रतिज्ञापत्रावरची सही माझी होती."

"ओळखली मी. बस." साहेब समोरच्या खुर्चीत सावकाश टेकले. "माझ्याकडे कुणी आलं का नाही? तुझ्याकडून?"

"वकीलबाई म्हणाल्या होत्या. मीच नको म्हटलं. म्हटलं, तुम्ही आकडा बदलणार नाही."

"नसताच बदलला." साहेबांनी काठी खुर्चीला टेकवली. "पण अर्थ विचारला असतास तर सांगितला असता. त्यात काय होतं? त्या दोघांनी मला एवढंच विचारलं, विचार करून लिहिलं का. मी म्हटलं, हो. जेवढं विचारलं तेवढंच सांगायचं, हे मीच तुम्हाला शिकवलं."

मास्तरला मान वर करवेना. इतके महिने जे विचारायचं टाळलं, ते त्याने खाली बघत विचारलं. "सर, सात म्हणजे किती होते?"

साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू हे याला माहीत नाही यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता.

"नऊ मी एकदाच दिले. आपल्या त्या लेफ्टनंटला, तो लढाईतून परत आला नाही त्या वर्षी. आठ कुणालाच नाहीत. जिवंत माणूस अजून चुकायचा असतो, त्याला हातचं राखून द्यावं, असं माझं मत. बाकी सगळे पाच-सहावाले. सात एकट्या तुला. आठ द्यावेत का, यातच माझे चारांतले दोन दिवस गेले."

मास्तरच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याने ते पुसलं नाही. चौदा वर्षांपूर्वी कळायला हवी होती ती गोष्ट त्याला आता कळली होती, आणि ती ऐकून त्याला इतका आनंद झाला की त्याची त्यालाच लाज वाटली. हे एकच वाक्य कागदावर हवं होतं. साठ किलोमीटरचा रस्ता होता. चहा पिऊन परत येता आलं असतं.

साहेबांचं मात्र संपलं नव्हतं. त्यांनी टेबलाच्या खणातून एक कागद काढला. त्यावर एकाखाली एक अकरा नावं होती.

"ते दोघे गेल्यावर मी बसून हे काढलं. मी ज्यांचे अहवाल लिहिले, त्यांतले जिवंत हे अकरा. यातला एकही कर्नल झाला नाही. एकही नाही. मला वाटायचं, ज्याचं त्याचं नशीब. दोघं तर फार चांगले होते, तुला माहीत आहेत." त्यांनी बोट एका नावावर ठेवलं, मग दुसऱ्यावर. "बाकीचे नऊ देतात, म्हणून मी का द्यावेत, असं म्हणत राहिलो. आणि वर कोण वाचतंय, त्याला काय दिसतंय, हे एकदाही मनात आलं नाही."

"सर, तसं नाही."

"तसंच आहे. तुझ्या कागदात लिहिलं होतं तेच बरोबर. मी तुमचा विचार केला. कागदाचा नाही केला. म्हणजे विचार न करताच लिहिलं की. मी कोर्टाला खोटं लिहून दिलं."

विचार न करता लिहिलं, हे जे कोर्टात सिद्ध झालं नाही म्हणून अर्ज पडला, ते साहेब एवढ्याशा खोलीत, सरळ आवाजात बोलून गेले. मास्तर खुर्चीवरून उठला. त्याला ते ऐकवेना. अकरा नावांचा तो कागद त्याने साहेबांच्या हातातून काढून घेतला, उलटा करून ठेवला, आणि बोलू लागला. तुम्ही चार दिवस घेतले, सर, इतके कोण घेतं? तुमचा कुणावर आकस नव्हता. कडक माणूस म्हणजे चुकीचा माणूस नव्हे. प्रामाणिकपणे घातलेल्या आकड्यात कुणी हात घालायचा नसतो. सरकारी वकिलाने मांडलेला एकेक मुद्दा, त्याच क्रमाने, त्याने साहेबांपुढे मांडला. ऊन खिडकीतून सरकत पलंगाच्या पायापर्यंत गेलं, तरी तो मांडत होता. शेवटचा मुद्दा संपला की तो पहिल्यापासून परत सुरू करायचा.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना त्यातलं एकही पटलं नाही.